घरात माल, मशीनवर 'मर्यादा संपली'
हमीभाव खरेदीत पिकागणिक ठरणारी हेक्टरी मर्यादा : ती कुठून येते आणि गावाने काय करावे

बिलोली : सोयाबीनची रास झाली, माल वाळवला, चाळणी मारली, ट्रॅक्टर भाड्याने केला, केंद्रावर नंबर लागला. काट्यावर माल चढतो. तीस क्विंटल मोजून होतात आणि संगणकावर बसलेला पोरगा मान वर करून म्हणतो, "काका, तुमची मर्यादा संपली. पुढचं घेत नाही." ट्रॉलीत अजून पंधरा क्विंटल शिल्लक. काका म्हणतात, "अरे बाबा, माल माझ्याच रानातला हाय. भिजलेला न्हाई, खडा न्हाई, माती न्हाई. मग का घेत न्हाईस?" पोरगा म्हणतो, "मी नाही म्हणत काका, मशीन म्हणतंय."

बिलोली, नायगाव, धर्माबाद, देगलूर या पट्ट्यात ज्याने हमीभाव केंद्रावर माल घातला, त्याला हा अनुभव सांगायला नको. मशीन म्हणतंय म्हणजे नेमके कोण म्हणतंय, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. म्हणून हा लेखप्रपंच.

लेव्हीपासून मर्यादेपर्यंत

आपला हा भाग 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात संस्थानात धान्याची लेव्ही होती. इतके धान्य सरकारला घातलेच पाहिजे, असा तो हुकूम. म्हातारी माणसे त्याच्या गोष्टी सांगायची : गल्ला मोजायला माणूस आला की कणगी कशी लपवायची, कडब्याच्या गंजीत पोती कशी घालायची. तेव्हा सरकार म्हणत होते, "एवढे तरी द्या." आता शेतकरी आपण होऊन माल घेऊन दारात उभा राहतो आणि सरकार म्हणते, "एवढेच घेऊ." काळ असा उलटा फिरला आहे.

मर्यादेची गोष्ट आपल्याला तशी नवी नाही. स्वस्त धान्य दुकानात अंगठा लावला की मशीन सांगते, अंत्योदय कार्डाला महिन्याला 35 किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात 2013 साली हे प्रमाण लिहिले गेले. खताच्या दुकानातही 2018 पासून देशभर अनुदानाचे खत आधार आणि अंगठा घेऊनच मशीनवर विकले जाऊ लागले. कोणाच्या नावावर किती गोण्या गेल्या हे त्यात दिसते. रेशनची मर्यादा माणसाच्या तोंडाकडे पाहते, खताची नोंद आधारकडे पाहते. हमीभाव केंद्राची मर्यादा मात्र तुमच्या सातबाऱ्याकडे आणि त्यावरच्या पिकाकडे पाहते. इथेच सगळी गोम आहे.

मर्यादा कशासाठी आली?

2016-17 च्या हंगामात राज्यात तुरीचे विक्रमी पीक आले. हमीभाव बोनससह 5050 रुपये आणि बाजारातला भाव त्याच्या खाली. साहजिकच केंद्रांवर रांगा लागल्या. 22 एप्रिल 2017 रोजी केंद्रे बंद झाली तेव्हा हजारो शेतकऱ्यांची तूर बाहेर उभी होती. काही ठिकाणी व्यापाऱ्यांनी शेतकऱ्यांचे सातबारे गोळा करून स्वस्तात घेतलेली तूर हमीभावाने घातल्याच्या तक्रारी झाल्या, चौकशीची वेळ आली. दोन एकरवाल्याच्या नावावर शंभर पोती तूर दिसू लागली, तर कोणालाही शंका येणारच.

त्याच वर्षीच्या खरिपापासून मूग, उडीद, सोयाबीनसाठी ऑनलाइन नोंदणी सुरू झाली. आधार, सातबारा, पीकपेरा आणि बँक पासबुक द्यायचे, नंबर लागला की मोबाइलवर संदेश येणार, मग माल घेऊन जायचे. त्या नोंदणीला जोडून पिकागणिक हेक्टरी मर्यादा कायमची बसली. म्हणजे मर्यादा शेतकऱ्याविरुद्ध म्हणून आली नाही. शेतकऱ्याच्या नावाने दुसऱ्याने माल घालू नये म्हणून ती आली. हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

आकडा कसा निघतो?

हिशोब साधा आहे. कृषी खाते पीक कापणी प्रयोगांवरून जिल्ह्याची सरासरी उत्पादकता काढते. त्या आकड्यावरून त्या जिल्ह्यात त्या पिकाची हेक्टरी किती क्विंटल खरेदी करायची हे ठरते. मग संगणक तुमच्या नावावर नोंदलेले त्या पिकाचे क्षेत्र घेतो आणि गुणाकार करतो. सोयाबीनचे खाते वेगळे, उडदाचे वेगळे, मुगाचे वेगळे, तुरीचे वेगळे. सोयाबीनची मर्यादा उरली म्हणून तिच्यात उडीद घालता येत नाही.

उदाहरणादाखल धरून चालू की मर्यादा हेक्टरी 15 क्विंटल आहे. तुमचे सोयाबीन दोन हेक्टर, म्हणजे पाच एकराच्या घरात. संगणकाचा आकडा झाला 30 क्विंटल. तुम्ही बी चांगले वापरले, दोन फवारण्या वेळेवर केल्या, एकरी नऊचा उतारा आला. घरात 45 क्विंटल. वरचे 15 क्विंटल उरले. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव 5328 रुपये होता. बाजारात 4400 मिळाले असे धरा. क्विंटलमागे 928 रुपयांचा फरक, म्हणजे 15 क्विंटलमागे 13,920 रुपये गेले. पोराच्या कॉलेजची फी म्हणा, नाहीतर रब्बीचे बी-खत म्हणा, तेवढे पैसे चांगले पीक काढल्याची शिक्षा म्हणून जातात.

यावर आणखी एक मर्यादा आहे, ती आपल्याला दिसत नाही. केंद्राच्या भाव समर्थन योजनेत सोयाबीनसारख्या पिकाची खरेदी एकूण उत्पादनाच्या साधारण 25 टक्क्यांपर्यंतच होते. तूर, उडीद, मसूर या तीन डाळींसाठी ही वरची अट 2024-25 मध्ये काढली गेली आणि 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पानंतर ती सवलत 2028-29 पर्यंत वाढवली गेली. पण शेतकऱ्याच्या नावावरची हेक्टरी मर्यादा तुरीलाही राहतेच. "तूर शंभर टक्के घेणार" असे ऐकून कोणी सगळी पोती गाडीत भरली, तर काट्यावर तोच अनुभव येईल.

किनवटचे माप बिलोलीला

खरी अडचण सरासरीत आहे. नांदेड जिल्ह्यात 16 तालुके. किनवट-माहूरच्या डोंगरउताराची हलकी जमीन आणि आपल्याकडची गोदावरी-मांजरेच्या खोऱ्यातली काळी भारी जमीन, दोन्ही एकाच जिल्ह्यात मोजल्या जातात. ऑगस्ट-सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने हाहाकार केला. मुखेड तालुक्यात गावेच्या गावे पाण्यात गेली. अशा वर्षी जिल्ह्याची सरासरी खाली येणारच. ज्याचे रान वाहून गेले त्याच्याकडे घालायला मालच नाही, त्याला मर्यादा असली काय, नसली काय. पण ज्याचे उंचावरचे रान वाचले, त्याचा माल मात्र बुडालेल्या रानांच्या सरासरीने मोजला जातो. दुष्काळात आणि महापुरात, ज्याच्या हाती चार पोती जास्त आली त्यालाच ही मर्यादा जास्त टोचते.

मग उपाय काय? उपाय सरकारच्याच दप्तरात आहे. पीक विम्यासाठी सोयाबीनचे कापणी प्रयोग महसूल मंडळ हा घटक धरून होतात. म्हणजे मंडळागणिक उत्पन्नाचे आकडे सरकारकडे असतात. नुकसानभरपाई ठरवताना मंडळाचा आकडा चालतो, तर खरेदी ठरवताना जिल्ह्याचा का? विम्याला कुंडलवाडीचे माप वेगळे आणि आदमपूरचे वेगळे, पण केंद्रावर दोघांनाही किनवटसकट एकच माप, हे कोणत्या न्यायाने? ग्रामसभांनी ठराव करून ही मागणी तालुका आणि जिल्हा कृषी अधिकाऱ्यांकडे लावून धरावी. मर्यादेचा आकडा हंगामात सुधारून आल्याचे याआधी घडले आहे, त्यामुळे मागणी वाया जाईल असे समजू नये.

नोंद चुकली की मर्यादा शून्य

वरचा आकडा बदलणे आपल्या हातात नाही, पण गुणाकारातला दुसरा आकडा, म्हणजे पिकाचे क्षेत्र, तो आपल्या हातात आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभे राहून मोबाइलवर पीक नोंदवायचे. ती नोंद सातबाऱ्यावर जाते आणि केंद्रावरचा संगणक तीच वाचतो. मोबाइल नाही, रेंज नाही, पोरगा पुण्याला, म्हणून नोंद राहून गेली की पीक घरात असूनही कागदावर रान पडीक. पडीकाची मर्यादा शून्य.

आपल्याकडे सर्वांत मोठी चूक होते ती आंतरपिकात. सोयाबीनमध्ये तुरीची तासे आपण पिढ्यान्‌पिढ्या घालतो. पण पाहणीच्या वेळी सोयाबीन डोळ्यांत भरते, तूर बारीक असते. घाईत सगळे रान सोयाबीन म्हणून नोंदले जाते. सोयाबीन निघून जाते, माघात तूर तयार होते. 2025-26 साठी तुरीचा हमीभाव 8000 रुपये होता. माणूस नोंदणीला जातो आणि कळते, सातबाऱ्यावर तूरच नाही. म्हणून मिश्र पीक असेल तर मिश्रच नोंदवा, दोन्ही पिकांचे क्षेत्र वेगवेगळे घाला. नोंद चुकली तर ॲपमध्ये 48 तासांच्या आत एकदा दुरुस्तीची सोय 2022 पासून देण्यात आली. त्यानंतर मात्र तलाठ्याकडे, म्हणजे 2024 पासूनच्या नव्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे जावे लागते.

बटईदाराचे दुखणे याहून जुने. कसणारा एक, सातबारा दुसऱ्याचा. नोंदणी मालकाच्या नावावर, पैसेही मालकाच्या खात्यात. नाते चांगले असेल तर वाटा वेळेवर मिळतो, नाहीतर बटईदार पडेल भावाने गावातच माल घालून मोकळा होतो. पेरणीच्या आधीच, चार माणसांसमोर, हमीभावाचा फरक कोणाला किती हे ठरवून कागद करावा. सामाईक खात्यात भावाभावांचेही तेच. आणि सीमेवरच्या गावांत ज्यांचे थोडे रान मांजरेपलीकडे बोधनच्या बाजूला आहे, त्यांनी लक्षात ठेवावे की ते रान तेलंगणाच्या दप्तरात आहे. इथल्या सातबाऱ्यावर त्याची मर्यादा मिळणार नाही.

उरलेल्या मालाचे काय?

मर्यादेवरचा माल त्याच दिवशी केंद्राच्या दारातच व्यापाऱ्याला घालू नये. ट्रॉली भरलेली, भाडे चढते आहे, हे व्यापाऱ्याला दिसते आणि भाव पडतो. घरून निघण्याआधीच आपली मर्यादा काढा. क्षेत्र गुणिले हेक्टरी आकडा, पाटीवर चौथीतला पोरगाही करील. तेवढाच माल केंद्रावर न्या. बाकीच्यासाठी बाजार समितीची शेतमाल तारण योजना पाहा. पणन मंडळाची ही योजना 1990-91 पासून आहे. सोयाबीन, तूर, हरभरा असा माल गोदामात ठेवून किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांसाठी, सहा टक्के व्याजाने कर्ज, असे तिचे स्वरूप. आपल्या बाजार समितीत ती चालू आहे का, गोदामात जागा आहे का, हे रास होण्याआधी विचारून घ्यावे. आणि सोयाबीनचा ओलावा 12 टक्क्यांच्या आत ठेवा. नोव्हेंबर 2024 मध्ये 15 टक्क्यांची सूट मिळाली होती, पण ती त्या हंगामापुरती. दरवर्षी मिळेल असे धरू नये.

गावकारभाऱ्यांना विनंती

सरपंच, ग्राम महसूल अधिकारी, सहायक कृषी अधिकारी आणि सोसायटीचे सचिव यांनी तीन कामे केली तरी निम्मी भांडणे मिटतील. पहिले, जिल्ह्याची पिकागणिक मर्यादा नोंदणीआधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहावी. दुसरे, ई-पीक पाहणीची मुदत संपण्याच्या आधी ज्यांची नोंद राहिली त्यांची यादी चावडीत वाचून दाखवावी. विधवा बायाबापड्या आणि म्हातारे खातेदार यांच्या बांधावर कोणीतरी मोबाइल घेऊन जावे. तिसरे, आंतरपिकाच्या नोंदी तुरीला फुले लागण्याआधीच तपासाव्यात.

2024-25 मध्ये राज्यात हमीभावाने 11 लाख टनांवर सोयाबीन खरेदी झाले. एवढा मोठा कारभार मोजमापाशिवाय चालणार नाही, हे शेतकऱ्यालाही कळते. त्याचे भांडण मापाशी नाही. माप माझ्या रानाचे लावा, दुसऱ्याच्या नको, आणि आधी सांगा, काट्यावर चढल्यावर नको, एवढेच त्याचे म्हणणे आहे. केंद्रावरच्या पोराला "मशीन म्हणतंय" असे सांगावे लागू नये. आकडा शेतकऱ्याला घरून निघतानाच माहीत असावा.