पाण्यावरच्या बागेतील दिवे बिघडल्यास काय करावे?



मराठवाडा आणि हैदराबाद यांचा संबंध जुना आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. आजही आपल्या खेड्यांतील मुले-मुली नोकरीधंद्यासाठी त्या शहरात जातात. तेथे ज्यांना अंगण नाही, त्यांच्यापैकी काहीजण खोलीतच मातीविना, खत विरघळवलेल्या पाण्यावर पालक, पुदिना, कोथिंबीर पिकवतात. ही पद्धत आपल्या देशात अगदी नवी नाही. १९४६ साली कालिंपोंग येथे शोल्टो डग्लस यांनी तिचे प्रयोग केले होते.

बंद खोलीत सूर्याचे काम दिव्यांना करावे लागते. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट संस्थेत हरभऱ्यासारख्या पिकांच्या नव्या जाती लवकर तयार व्हाव्यात, म्हणून दिव्यांच्या प्रकाशात वर्षाला अनेक पिढ्या घेतल्या जातात. तेथे देखरेखीला जाणकार माणसे असतात. घरी दिवा बिघडला की आपणच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसतो, आणि शेजारी पाण्याची टाकी असते. म्हणून या अंकात हा विषय घेत आहोत. कोंबडीच्या पिलांना ऊब देणारे दिवे लावणाऱ्यांनाही यातील बऱ्याच सूचना उपयोगी पडतील.

आधी जीव, मग दिवा

नुसते बटण बंद करून भागत नाही. वायरिंग उलटे झालेले असेल तर बटण न्यूट्रलवर असते. दिवा विझतो, पण त्यात करंट राहतो. म्हणून प्लग उपसून काढावा. पंपाचाही प्लग काढावा, कारण बिघाड पंपात असला तरी करंट टाकीतल्या पाण्यात उतरू शकतो. हात व पाय कोरडे करावेत, पायात रबरी चप्पल असावी. दिवा सोडवून कोरड्या टेबलावर न्यावा आणि पंप लगेच पुन्हा सुरू करावा. हैदराबादच्या मे महिन्यात पाण्याचा प्रवाह थांबला, तर नळीतली मुळे थोड्याच वेळात सुकू लागतात. प्रकाशाविना मात्र रोपे दोन-तीन दिवस तग धरतात. तेवढे दिवस ती खिडकीशी ठेवावीत. त्यामुळे दुरुस्तीची घाई करण्याचे काहीच कारण नाही.

दोष कोठे आहे ते शोधणे

दिवा लागला नाही की तो जळाला असे आपण धरून चालतो. पुष्कळदा दोष दुसरीकडेच असतो. म्हणून बोर्डापासून सुरुवात करून दिव्यापर्यंत क्रमाने यावे.

१) बोर्ड : त्याच सॉकेटला चालू असलेला टेबललॅम्प लावून पाहावा. टेस्टर पेटला म्हणजे सर्व ठीक आहे असे समजू नये. टेस्टर फेज दाखवतो. न्यूट्रल तुटलेला असेल तर ते त्यावरून कळत नाही.

२) टायमर : पालेभाजीला साधारण १४ ते १६ तास प्रकाश देतात व त्यासाठी टायमर बसवतात. काट्याचा टायमर वीज गेली की थांबतो आणि तेवढाच मागे पडतो. तीन तास वीज गेली, तर दिवे तीन तास उशिरा लागतात. लोक दिवा बिघडला म्हणतात. वास्तविक टायमरची चकती फिरवून वेळ जुळवली की काम होते.

३) जोड : खताच्या पाण्याचे शिंतोडे उडून पिनांवर पांढरे किंवा हिरवट क्षार साचतात. दिवा लुकलुकण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. प्लग काढलेल्या स्थितीत पिना कोरड्या ब्रशने व स्पिरिटने पुसाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात. पिन काळी पडून वितळली असेल तर होल्डर बदलावा.

४) ड्रायव्हर : एलईडी दिव्याला घरातील २३० व्होल्टची वीज थेट चालत नाही. ती बदलून देणाऱ्या डबीला ड्रायव्हर म्हणतात. तिच्यातील कपॅसिटर उष्णतेने सुकत जातात. म्हणून बहुधा दिव्याआधी ड्रायव्हरच जातो. सगळा दिवा एकदम विझणे, लुकलुकणे किंवा लागून लगेच बंद होणे ही त्याची लक्षणे होत. तो सुटा मिळतो. जुन्या डबीवर छापलेला मिलिअँपिअरचा आकडा व व्होल्टची मर्यादा नव्या डबीशी जुळली पाहिजे, आणि अधिक-उणे तारा उलट लागता कामा नयेत. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज साठून राहते. म्हणून डबी उघडू नये; ती वायरमनकडून बदलून घ्यावी.

५) एलईडीची पट्टी : पट्टीवरचे दाणे एकामागून एक साखळीसारखे जोडलेले असतात. एक दाणा तुटला की त्याची सारी ओळ अंधारते. अशा दाण्यावर बहुधा काळा ठिपका दिसतो. एक-दोन ओळीच गेल्या असतील तर पट्टी बदलावी. तारेने जोडून तात्पुरता इलाज करू नये, कारण उरलेल्या दाण्यांवर भार येतो.

जुन्या पद्धतीची ट्यूब असेल आणि तिची टोके काळी पडली असतील, तर ट्यूबच बदलावी. नवी ट्यूबही न लागल्यास स्टार्टर व मग चोक पाहावा. ट्यूबमध्ये पारा असतो. ती फुटल्यास खिडक्या उघडून मुलांना पंधरा मिनिटे खोलीबाहेर ठेवावे. काचा झाडूने लोटू नयेत; जाड कागदाने उचलून, ओल्या कागदाने जागा पुसून, सर्व बंद डब्यात भरावे.

दिवा लागतो, तरीही रोपे उंच व लुकडी होतात, अशी तक्रार असते. त्या वेळी प्रथम काचेवरची धूळ पुसावी आणि दिवा थोडा खाली घ्यावा. नवी पाने पिवळी व शिरा हिरव्या असतील, तर दोष बहुधा लोहाच्या कमतरतेचा असतो. तेथे दिवा बदलून पैसे वाया जातील.

पुढे बिघाड होऊ नये म्हणून

सॉकेट टाकीच्या वर व बाजूला असावे, खाली कधीच नसावे. वायरला सॉकेटच्या खाली येईल असा झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाशीच टपकेल. ड्रायव्हर हवेशीर जागी टांगावा. दिवा घेताना त्यावर आयपी ६५ असे लिहिलेले पाहावे. धूळ व पाण्याची फवार त्यात शिरत नाही, असा त्याचा अर्थ आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. साधा एमसीबी वायरिंगला वाचवतो, माणसाला नाही. माणसाच्या अंगातून वीज जमिनीत जाऊ लागताच आरसीसीबी क्षणात ती तोडतो. त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. अर्थिंगही तपासून घ्यावे.

शॉक लागल्यास

त्या माणसाला हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडी काठीने वायर दूर सारावी. मग १०८ क्रमांकाला फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा २००५ साली हैदराबादलाच सुरू झाली आणि आज महाराष्ट्रातही आहे. माणूस बेशुद्ध असून श्वास चालत नसेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहावे व मदत येईपर्यंत थांबू नये. शुद्धीवर आलेल्या माणसालाही डॉक्टरांना दाखवावे.

ज्यांची मुले शहरात अशी बाग करतात त्यांनी हा मजकूर त्यांना अवश्य वाचून दाखवावा, आणि आरसीसीबी बसवला आहे की नाही एवढे आधी विचारावे. देवाने दिलेल्या जिवाची काळजी घेणे हाही आपला धर्मच आहे.