मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

आपल्या वस्त्यांतली मुले-मुली आता शिकायला, नोकरीला अमेरिकेत आहेत. एक-दोन वर्षांत तिकडून निरोप येतो, ‘आई-बाबा, तुम्ही या.’ ज्यांनी आयुष्यात एस.टी. आणि रेल्वेच पाहिली, त्या आई-बाबांना आनंदाबरोबर धास्तीही वाटते. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. भिंतीवरचा नकाशा पाहिला तर विमान सरळ पश्चिमेला जाईल असे वाटते. पण घरात पृथ्वीगोल असेल तर दोन्ही शहरांवर दोरी ताणून पाहा. दोरी उत्तरेकडे सरकते आणि रशिया, नॉर्वेच्या बाजूने जाते. तोच जवळचा रस्ता. अर्थात तो नेहमी मोकळा नसतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, तेव्हा अनेक उड्डाणांना वळसा पडला.

थेट विमानाने जायला साधारण सोळा तास लागतात, परतताना दीड-दोन तास कमी. कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीशी असतो. (१९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले ते आगबोटीने. तेव्हा तास नव्हे, आठवडे मोजावे लागत.)

घड्याळाचा घोळ मात्र पुष्कळांना होतो. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे उन्हाळ्यात रात्री दीडला मुंबई सोडली, तर सोळा तास बसूनही तिथे त्याच दिवशीचे सकाळचे आठ वाजलेले असतात! येताना सकाळी अकराला निघाल तर मुंबईत दुसरा दिवस उजाडलेला असतो.

तिकीट स्वस्त म्हणून मुले दुबईमार्गे पाठवतात. मुंबई-दुबई तीन तास, पुढे चौदा, मधला थांबा निराळा. एकूण वीस-बावीस तास सहज. इंग्रजी न येणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या आईला एकटीने विमान बदलायला लावण्यापेक्षा थोडे जास्त पैसे मोजून थेट तिकीट काढावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते शक्य नसेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागावी. त्यात कमीपणा काही नाही. आणि अमेरिकेतच दुसरे विमान पकडायचे असेल, तर पहिल्या विमानतळावर सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते, हे आधीच समजावून सांगा.

औषधे पोत्यासारख्या मोठ्या बॅगेत कोंबू नका. हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. मधुमेहाचे इंजेक्शन घेणाऱ्यांनी वेळा कशा बदलायच्या हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. तासन्‌तास एका जागी बसल्याने पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो. म्हणून अधूनमधून उठून चालावे, पाणी प्यावे. लघवीला जावे लागेल म्हणून पाणी टाळणाऱ्या आया-बहिणींना हे मुद्दाम सांगतो.

पोहोचल्यावर घरी फोन करायचा, तर तिथे रात्रीचे साडेनऊ वाजू द्या. उन्हाळ्यात तेव्हा इकडे सकाळचे सात वाजलेले असतात आणि सारे घर जागे असते.