मांजऱ्या खडकाच्या पोटात

बारामतीहून भिगवणच्या रस्त्याला लागलं की एमआयडीसीच्या शेड संपता संपता शेतं सुरू होतात. उन्हाळ्यात त्या शेतांत कुठे ना कुठे विहिरीचं काम निघालेलं असतं. यारीचा डबा दगड घेऊन वर येतो, कडेला ओततो, पुन्हा खाली जातो. इंदापूर तालुक्यातल्या अशाच एका ढिगाऱ्यापाशी मी थांबलो आणि कातळ लागला का म्हणून विचारलं. यारीवाला हसला. ‘कातळ कुठला, मांजऱ्या हाय. नुसत्या गारगोट्या.’

त्याच्या दृष्टीनं ती तक्रार होती. मी मात्र त्या गारगोट्यांसाठीच गाडी थांबवली होती.

मांजऱ्या म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा बेसॉल्ट. काळा पाषाण एकसंध, टणक. मांजऱ्या करडा, जागोजागी भोकं पडलेला आणि ती भोकं पांढऱ्या खनिजांनी बुजलेली. ढिगाऱ्यातला नारळाएवढा एक तुकडा उचलला. त्याला एका बाजूनं वाटीसारखी पोकळी होती. पोकळीला आतून शेवाळी रंगाचं पातळ अस्तर, त्यावर पांढऱ्या बारीक सुयांचे झुबके आणि त्या सुयांमध्ये एकच, नखाएवढा, काचेसारखा चौकोनी खांब. बाजूनं पाहिलं तर पारदर्शक, वरून पाहिलं तर मोत्यासारखी झाक. ॲपोफिलाइट. माशाच्या डोळ्यासारखी चमक म्हणून युरोपातले जुने संग्राहक त्याला ‘माशाच्या डोळ्याचा दगड’ म्हणत.

दगड जमवणाऱ्या माणसाला हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे : आपल्याकडे फ्लोराइट मिळतो का? प्रश्न रास्त आहे. जगभरच्या संग्राहकांचा हा लाडका दगड. घासून-पुसून, पैलू पाडून केल्यासारखे त्याचे घन निसर्गातच तयार होतात. जांभळे, हिरवे, मधाच्या रंगाचे, कधी एकाच घनात दोन-तीन रंगांचे पट्टे. काही नमुने अतिनील किरणांखाली निळे उजळतात. १८५२ साली जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञानं या प्रकाराला ‘फ्लोरेसन्स’ हे नाव दिलं, ते फ्लोराइटवरूनच.

बारामती-इंदापुरात फ्लोराइट शोधू नका, हे माझं प्रामाणिक उत्तर. पण त्यातलं फ्लोरीन मात्र इथं आहे, आणि ते त्या नखाएवढ्या खांबात बसलेलं आहे. फ्लोराइट म्हणजे फक्त कॅल्शियम आणि फ्लोरीन. वजनानं जवळजवळ निम्मं फ्लोरीनच. बेसॉल्टात एवढं फ्लोरीन एका जागी जमणं अवघड, कारण मुळात ते तुटपुंजं. शिवाय इथल्या पोकळ्यांत झिरपणाऱ्या पाण्यात सिलिका भरपूर. म्हणून कॅल्शियम, पोटॅशियम, सिलिका आणि पाणी असा मोठा संसार जमतो आणि फ्लोरीनला त्यात कोपऱ्यातली जागा मिळते. आपल्याकडच्या नेहमीच्या ॲपोफिलाइटमध्ये शंभर भागांत साधारण दोन भाग फ्लोरीन आणि सोळा भाग पाणी असतं. दगडात सोळा टक्के पाणी! तापवलं की ते पाणी बाहेर पडतं आणि खांबाचे पापुद्रे सुटतात. ॲपोफिलाइट या नावाचा ग्रीक अर्थही पानासारखे पापुद्रे सुटणं असाच आहे.

महाराष्ट्रात फ्लोराइट अजिबात नाही असं मात्र नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे डोंगरगावला त्याचा साठा आहे आणि राज्याच्या खनिकर्म महामंडळानं तिथं खाणकाम केलेलं आहे. तो साठा इथल्या बेसॉल्टाहून कितीतरी जुन्या खडकांतला. पोलाद वितळवताना मळी पातळ व्हावी म्हणून, नाहीतर हायड्रोफ्लोरिक आम्लासाठी असा फ्लोराइट लागतो. शोकेसमध्ये ठेवायला नव्हे. शोकेसमधला हवा असेल तर सिन्नर तालुक्यात जावं लागतं. तिथल्या महोदरीच्या बेसॉल्टात, नियमाला अपवाद म्हणून, फ्लोराइट निघाला आणि तोही घन नव्हे, तर गोल! क्वार्ट्झच्या चमचमत्या पातळ थरावर मधाच्या रंगाचे अर्धगोल, बुंदीचे दाणे चिकटावेत तसे. सिन्नरजवळच्याच माळेगाव एमआयडीसीत नौदलातून बाहेर पडलेल्या के. सी. पांडे यांनी २००१ साली ‘गारगोटी’ हे खनिज संग्रहालय उघडलं. औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या रांगेत एक संग्रहालय; बारामतीकरांनी एकदा जाऊन पाहावंच.

बेसॉल्टात या पोकळ्या आणि त्यांत हे स्फटिक आले कसे? साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले. आजही त्यांनी पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास जमीन व्यापली आहे. लाव्हा थिजताना आतले वायू वर येऊ पाहतात, बुडबुडे होतात आणि दगड झाल्यावर त्यांच्या पोकळ्या राहतात. पावाच्या लादीचा वरचा भाग जाळीदार असावा तसं प्रत्येक थराच्या माथ्याला होतं. पुढे लाखो-कोट्यवधी वर्षं कोमट, गरम पाणी या खडकातून झिरपत राहिलं. ते खडकातली काच विरघळवायचं आणि पोकळीत स्फटिकांच्या रूपानं ठेवून द्यायचं. आधी हिरवं अस्तर, मग झिओलाइट, मग बहुधा ॲपोफिलाइट किंवा कॅल्साइट. पोकळी अर्धीच भरली तर संग्राहकाचं नशीब. पूर्ण भरली तर नुसता पांढरा ठिपका.

झिओलाइट हे नाव स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये दिलं, अर्थ ‘उकळणारा दगड’. इथल्या माणसाला नाव आठवावं लागत नाही, आकार पुरतो. मधोमध आवळलेली कडब्याची पेंढी दिसली की तो स्टिल्बाइट. एका बिंदूतून फुटलेल्या सुया म्हणजे बहुधा स्कोलेसाइट किंवा मेसोलाइट. कापसाच्या बोंडासारखा पांढरा गोळा म्हणजे ओकेनाइट. त्याला बोट लावायचं नाही, तंतू एकदा दबले की पुन्हा उभे राहत नाहीत. हौशी पाहुण्यांनी असे गोळे कुरवाळून मारलेले मी पाहिले आहेत.

या खनिजांनी जगाचं लक्ष पहिल्यांदा वेधून घेतलं ते बोरघाटात रेल्वे नेताना. १८६३ मध्ये घाट खुला झाला तोवर तिथल्या सुरुंगांतून निघालेले नमुने इंग्लंडच्या संग्रहालयांत पोचले होते. पुढचं सगळं श्रेय दगडखाणींना आणि विहिरींना. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत निघालेला मोरपिशी निळा कॅव्हान्साइट आधी अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये १९६७ साली सापडला होता, पण किरकोळ. त्याचं वैभव पाहावं तर वाघोलीचंच. राहुरीजवळ मोमीन आखाड्याला २००१ मध्ये एका विहिरीतून फिकट हिरव्या ॲपोफिलाइटचे गोळे निघाले. उजेडात असे लखलखायचे की व्यापाऱ्यांनी त्यांना ‘डिस्को’ म्हणायला सुरुवात केली.

आता माझी तक्रार. बाजारात तुम्हाला यातले बरेच दगड ‘पूना’ किंवा ‘जळगाव’ एवढ्याच चिठ्ठीवर मिळतील. खरी जागा कळली तर दुसरा तिथं पोचेल, म्हणून ती झाकायची, हा धंद्यातला जुना रिवाज. पण गाव हरवलेला दगड नुसता शोभेचा उरतो. कोणत्या थरात, किती खोल, कशाच्या सोबतीनं निघाला, हे माहीत असेल तर अभ्यासकाला त्या पाण्याचा आणि तापमानाचा माग काढता येतो. क्रशरमध्ये गेलेल्या स्फटिकापेक्षा चिठ्ठी हरवलेल्या स्फटिकाची मला जास्त हळहळ वाटते. पहिला निदान रस्त्याच्या कामी आला.

ओळख पटवायला फार काही लागत नाही. चाकूनं ओरखडा उठला नाही आणि काचेवर मात्र उठला, तर ती खरी गार, म्हणजे क्वार्ट्झ. अशाच दोन गारा लहानपणी अंधारात घासून आपण उजेड पाडलेला असतो. चाकूनं सहज ओरखडा गेला आणि लिंबाचा रस टाकल्यावर फसफसलं तर कॅल्साइट. चौकोनी खांबाचा पापुद्रा एकाच दिशेनं सुटत असेल तर बहुधा ॲपोफिलाइट. या चाचण्या मात्र फुटक्या कपच्यांवर करा, चांगल्या नमुन्यावर नाही. धुवायला साधं पाणी आणि जुना मऊ ब्रश पुरे. आम्ल झिओलाइटलाही खातं. सुकवायचं सावलीत.

सुरुंग उडाल्यावर विहिरीत उतरू नका; वर आलेला ढिगाराच भरपूर असतो, आणि तोही मालकाला विचारून. एखादा तुकडा आवडला तर घरी नेण्याआधी तिथंच एक चिठ्ठी लिहा : गाव, गट नंबर, किती परसांवर निघाला, तारीख. पेननं नको, पेन्सिलीनं लिहा. शाई ओलीनं फुटते.