परदेशातल्या खेड्यात जायचंय? आधी हापसा समजून घ्या!

'बी.ई. झाल्यावर पुढे काय?' या प्रश्नाची आपल्याकडे ठरलेली उत्तरं आहेत : कॅम्पस, जी.आर.ई., नाहीतर एम.बी.ए. पण दर बॅचमध्ये एखादा असा असतोच, ज्याला वाटतं की एक-दोन वर्षं आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात जाऊन स्वयंसेवक म्हणून काम करावं. हा लेख त्याच्यासाठी.

युगांडातल्या खेड्यात गेलात तर तिथे 'यू-टू' नावाचा हापसा दिसेल. चेहरा ओळखीचा वाटेल, कारण तो आपलाच 'इंडिया मार्क टू'! पूर्वी आपल्याकडे बोअरवर बिडाचे पंप बसवत. ते एका कुटुंबापुरते बनवलेले. अख्खं गाव हापसायला लागल्यावर ते टिकेनात. मग जालना आणि सोलापूरला मजबूत पोलादी पंप तयार झाले. त्यांच्याच धर्तीवर १९७०च्या दशकात युनिसेफच्या मदतीने 'मार्क टू' आला आणि पुढे आफ्रिकेत पोचला.

आता इंजिनिअरिंगचा भाग. या पंपाचा सिलिंडर बोअरमध्ये खोलवर असतो. आतला साधा वॉशर झिजला तरी सगळे पाइप वर ओढावे लागतात. त्यासाठी खास हत्यारं आणि चार-पाच माणसं लागतात. 'मार्क थ्री'मध्ये पाइप न काढता पिस्टन वर घेता येतो. पाणी आम्लधर्मी असेल तर जी.आय. पाइप गंजतात, पाणी लालसर येतं आणि बायका पुन्हा जुन्या डबक्याकडे वळतात. म्हणून तिथे गावाची पाणी समिती असते. ती वर्गणी जमवते आणि मिस्त्रीला बोलावते. वर्गणी थांबली की हापसाही थांबतो. डिझाइन कितीही भारी असू दे!

हे विसरलं की काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे 'प्लेपंप'. मुलांनी गोल पाळणा फिरवायचा आणि पाणी टाकीत चढायचं, अशी कल्पना. २००६ मध्ये अमेरिकेत त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलरची मदत जाहीर झाली. २०१० पर्यंत ४००० पंप बसवायचे ठरलं. पण मुलं दमायची, मग म्हाताऱ्या बायकांना तो पाळणा ढकलावा लागायचा. बिघडला तर गावात दुरुस्ती होत नसे. काही ठिकाणी तर चालू हापसा काढून हा बसवला होता. अखेर त्या अमेरिकन संस्थेने काम थांबवलं.

हसू नका, आम्हीही तेच केलंय. एन.एस.एस.च्या कॅम्पमध्ये आमच्या ग्रुपने गावातला बंद हापसा दोन दिवस घासून रंगवला, फोटो काढले. शेवटी एक आजी म्हणाल्या, "लेकरांनो, रंग झ्याक दिला, पर पानी कवा येनार?" उत्तर कुणाकडेच नव्हतं.

मग सुरुवात कशी करायची? 'पीस कोअर' फक्त अमेरिकन नागरिकांसाठी आहे. आपल्याला 'युनायटेड नेशन्स व्हॉलंटियर्स'चा रस्ता मोकळा आहे. तिथे बऱ्याच जागांसाठी अनुभव मागतात, पण अर्जाला पैसे पडत नाहीत आणि निवड झाल्यावर निर्वाहभत्ता मिळतो. घरबसल्या इंटरनेटवरून करायची कामंही असतात. उलट एखादी संस्था भरमसाट फी घेऊन 'पंधरा दिवसांत विहीर बांधा' म्हणत असेल, तर एकच प्रश्न विचारा : आम्ही परतल्यावर दुरुस्ती कोण करणार?

जाण्याआधी एखादी सुट्टी जवळच्या गावात हापसा दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीबरोबर काढा. हात काळे होऊ द्या. तिथली भाषा थोडी तरी शिका. लुगांडा भाषेत 'ओली ओत्या?' म्हणजे 'कसा आहेस?'. आणि तिथे पोचल्यावर पहिले काही महिने फक्त बघा, विचारा, ऐका.

आपण परत आल्यावरही हापशाला पाणी येत राहिलं, तरच आपण काहीतरी केलं म्हणायचं. पटतंय ना?