सुरतेचा हुकूम कोणी दिला?

सुरतेची काँग्रेस म्हटली की आपल्या मराठी घरांत अजूनही प्रथम आठवतो तो जोडा. तांबड्या चामड्याचा, पुढे चोच काढलेला, अस्सल दक्षिणी बनावटीचा तो जोडा व्यासपीठावर येऊन सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागला आणि सर फिरोजशहा मेहतांनाही लागला. ही हकीकत वडीलधाऱ्यांनी इतक्या चवीने सांगून ठेवली आहे की, त्या जोड्यामागे कोण होते हे पाहावयाचे राहूनच जाते. लोकमान्य होते हे सर्वांस ठाऊक आहे. पण काँग्रेस मोडण्याचा हुकूम लोकमान्यांचा नव्हता. तो दिला पस्तीस वर्षांच्या एका बंगाली तरुणाने, आणि या तरुणाने आपल्या बडोद्याचे मीठ तेरा वर्षे खाल्लेले होते.

अरविंदबाबू घोष यांचे नाव आज घेतले की डोळ्यांपुढे पाँडिचेरीचे योगी उभे राहतात. मला आज लिहावयाचे आहे ते त्यांच्या आधीच्या, उण्यापुऱ्या चार वर्षांच्या राजकारणी पुरुषाविषयी.

सातव्या वर्षी विलायतेस गेलेला हा मुलगा केंब्रिजमध्ये शिकला, आय. सी. एस.ची परीक्षा उतरला आणि घोडेस्वारीच्या परीक्षेस हजरच राहिला नाही. श्रीमंत सयाजीराव महाराज तेव्हा लंडनमध्ये होते. २०० रुपये दरमहावर त्यांनी त्याला उचलले आणि १८९३च्या फेब्रुवारीत तो बडोद्यास दाखल झाला. जमाबंदी, स्टँप, दिवाण कचेरी अशी खाती फिरून तो कॉलेजात आला. आधी फ्रेंच, मग इंग्रजी, आणि शेवटी व्हाइस प्रिन्सिपॉल. बंगाल्याच्या या मुलाला स्वतःची मातृभाषासुद्धा येत नव्हती. बंगाली, संस्कृत, मराठी, गुजराती हे सारे तो येथे शिकला.

राहणे होते दांडियाबाजारात, खासेराव जाधवांच्या बंगल्यात. खासेरावांचे बंधू माधवराव बडोद्याच्या फौजेतले, ते तर जिवाभावाचे मित्र. केंब्रिजचे स्नेही केशवराव देशपांडे यांच्या आग्रहावरून मुंबईच्या ‘इंदुप्रकाशा’त अरविंदबाबूंनी काँग्रेसच्या अर्ज-विनंतीच्या राजकारणावर लेखमाला लिहिली. तेव्हा वय एकवीस. न्यायमूर्ती रानड्यांनी मालकांना सावध केले आणि लेखांची धार कमी करावी लागली. त्यांचे विद्यार्थी पाटकर यांनी एक आठवण नमूद करून ठेवली आहे. तीन महिन्यांचा पगार एकदम हाती आला की थैली टेबलावरच्या तबकात ओतायची आणि खर्चाला तेथूनच उचलायचे. कुलूप का लावत नाही, असे विचारल्यावर, आपण भल्या माणसांत राहतो याचा हाच पुरावा, असे उत्तर मिळाले. जाधवांच्या घरचा हा दाखला आपण बडोदेकरांनी जपून ठेवण्यासारखा आहे.

लोकमान्यांची गाठ पडली ती १९०२च्या अहमदाबाद काँग्रेसमध्ये. टिळकांनी या मुलाला मंडपाबाहेर नेले आणि तासभर मोकळेपणाने बोलले. पुढे १९०६ साली बंगालच्या फाळणीच्या वणव्यात अरविंदबाबूंनी ७००च्या वरचा पगार सोडला आणि कलकत्त्याच्या नॅशनल कॉलेजात १५० रुपयांवर ते रुजू झाले. ‘वंदे मातरम्’ पत्र चालविले, १९०७मध्ये राजद्रोहाच्या खटल्यातून सुटले आणि एकाएकी देशभर नाव झाले.

त्या सालची काँग्रेस नागपुरास भरावयाची होती. तेथे जहालांचा जोर, म्हणून मवाळांनी ती सुरतेस हलविली. तापीकाठी फ्रेंच बागेत मंडप पडला. अध्यक्ष रासबिहारी घोष की लाला लजपतराय, हा वरवरचा वाद. खरा वाद स्वराज्य आणि बहिष्काराच्या ठरावांवर माघार घ्यायची की नाही, हा होता. जहालांच्या वेगळ्या परिषदेचे अध्यक्षस्थान अरविंदबाबूंकडे होते. टिळक उभे राहून बोलत आहेत आणि शेजारी टेबलाशी अरविंदबाबू बसले आहेत, असे त्या वेळचे छायाचित्र प्रसिद्धच आहे. २६ डिसेंबरची बैठक गोंधळात उठली. २७ तारखेस टिळकांनी बोलण्याची परवानगी चिठ्ठीने मागितली, उत्तर आले नाही, तेव्हा ते व्यासपीठावर चढले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. स्वयंसेवक धावून आले, गोखल्यांनी दोन्ही हात पसरून टिळकांना सांभाळले, (आपण मराठी माणसे जोडा सांगतो, हे मात्र सांगत नाही) आणि मग तो जोडा आला. खुर्च्या, लाठ्या, पोलीस.

पुष्कळ वर्षांनी पाँडिचेरीहून अरविंदबाबूंनी लिहिले की, काँग्रेस मोडण्यास कारण झालेला हुकूम मी दिला, टिळकांना न विचारता दिला, आणि मवाळांच्या नव्या कन्व्हेन्शनमध्ये न जाण्याचा निर्णयही माझाच. टिळक तडजोडीस तयार होते. दोष मात्र लोकमान्यांच्या माथी बसला. पुढच्या वर्षी सरकारने त्यांना मंडालेस धाडले तेव्हा पाठीशी काँग्रेस नव्हती, आणि १९१६पर्यंत जहाल मंडळी काँग्रेसबाहेर राहिली. मला विचाराल तर, जो हुकूम इतका महाग पडला तो देण्याआधी त्या पस्तीस वर्षांच्या माणसाने टिळकांच्या तंबूत एकदा जावयास हवे होते. पण पाच वर्षे आधी मंडपाबाहेर टिळकांनीच त्याला मवाळांविषयीचा जो तिरस्कार ऐकवला होता, तोच येथे फळास आला हेही खरे.

सुरतेहून अरविंदबाबू सरळ बडोद्यास आले. प्रिन्सिपॉलची मनाई असताना कॉलेजची मुले रस्त्यावर धावली, गाडीचे घोडे सोडून त्यांनी स्वतः गाडी ओढली. थंडीत अंगावर सुती सदरा, म्हणून सरदार मजुमदारांनी पश्मिन्याची शाल दिली. येथेच धाकटे बंधू बारीन यांनी तार करून बोलावलेले विष्णु भास्कर लेले खासेरावांच्या घरी भेटले. मजुमदारांच्या वाड्यात माडीवर दोघे तीन दिवस बसले. मनातले विचार थांबले, असे अरविंदबाबू सांगत.

त्याच अवस्थेत १९ जानेवारी १९०८ रोजी मुंबईत भाषण. मन कोरे आहे, बोलू काय, असे विचारता लेले म्हणाले, सभेला नमस्कार करा आणि थांबा. आमचे घराणे दरबारी गाण्याच्या चाकरीतले, तेव्हा पहिला षड्ज लावण्याआधीच्या त्या क्षणाची मला थोडी कल्पना आहे. पण हजारोंच्या राजकीय सभेत कोणी असे उभे राहिल्याचे ऐकिवात नाही. भाषण झाले. मग नाशिक, धुळे, अमरावती, नागपूर.

मे महिन्यात अटक, अलीपूरचा खटला, एक वर्ष तुरुंग, चित्तरंजन दासांची वकिली, मे १९०९मध्ये सुटका. ४ एप्रिल १९१० रोजी ते पाँडिचेरीस उतरले आणि राजकारण संपले. वय सदतीस.

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य गेले. त्या वर्षीची काँग्रेस नागपुरास भरणार होती, तेरा वर्षांपूर्वी हुकलेल्या त्याच नागपुरास. डॉ. मुंजे सुरतेस बरोबर होते. त्यांनी पाँडिचेरीस पत्र पाठवून अध्यक्षपदाची गळ घातली. ३० ऑगस्टला अरविंदबाबूंचे लांबलचक उत्तर आले, आणि त्यात नकार होता.