पहिल्या लग्नाचं शूट : आदल्या रात्रीची तयारी

● बॅग : चार्ज केलेल्या दोन बॅटऱ्या, फॉरमॅट केलेली दोन कार्डं, फ्लॅशसाठी जादा सेल.

● लेन्स : हॉलमधल्या कमी उजेडात ५० मिमी, एफ/१.८ ही स्वस्त लेन्स मोठा आधार देते.

● सेटिंग : रॉ फाइल ठेवा, पिवळ्या दिव्यांचा रंग नंतर सुधारता येतो. आयएसओ १६०० ते ३२००, शटर १/२५०च्या आसपास. त्याहून मंद शटरला हार घालणारे हात धूसर येतात.

● माणसं : विधींचा क्रम गुरुजींना विचारा. आजी-आजोबा, मामा-मामी कोण, हे घरच्यांकडून लिहून घ्या.

● जागा : अंतरपाट दूर होताच हार पडतात. वधूवर दोघंही बाजूने दिसतील असे उभे राहा आणि शेवटच्या ‘सावधान’आधीच फोकस पक्का करा. हा क्षण पुन्हा मागता येत नाही.