टर्पेंटाइन : चिडाच्या खोडापासून आपल्या फडताळापर्यंत

गुडघ्यांना टर्पेंटाइन चोळणाऱ्या वडीलधाऱ्यांना मी प्रथम विचारतो, बाटली औषधांच्या दुकानातली की रंगांच्या? उत्तर बहुधा दुसरेच असते.

रत्नागिरीच्या जांभ्या मातीत चिडाची वने नाहीत, तरी या द्रवाचे नाव आपल्या आंब्याच्याच कुळातून आलेले आहे. भूमध्य समुद्राभोवतीच्या टेरेबिंथ वृक्षाच्या चिकावरून ते पडले. हा वृक्ष पिस्त्याचा जवळचा भाऊ, आणि आंबा, काजू, बिब्बा त्याच कुळातले. हापूसचा देठ मोडताच उडणाऱ्या चिकाचा उग्र दर्प आठवा. त्यातही टर्पीन वर्गातलीच द्रव्ये असतात. त्वचा भाजण्याचा त्या चिकाचा गुण तर बागायतदारांना सांगायला नकोच.

पुढे पाइनच्या खोडातून तसाच पदार्थ विपुल मिळू लागला आणि नाव त्याला चिकटले. हिमालयात चिडाची साल तासून, उथळ खाच पाडून खाली पेला टांगतात. थेंबथेंब साठतो तो गंधाबिरोजा. त्याचे ऊर्ध्वपातन केले की टर्पेंटाइन वेगळे होते आणि मागे राळ उरते. सारंगीच्या गजाला लावतात तशीच. ब्रिटिश वनखात्याला यातून उत्पन्न मिळे, गावकऱ्यांचे चराईचे व सरपणाचे हक्क मात्र आखडले. १९२१ साली कुमाऊँमध्ये संतप्त लोकांनी चिडाची वने पेटवली. राळेचे साठेही त्यांत जळाले.

आज रंगाच्या दुकानात ‘टर्पेंटाइन’ म्हणून मिळते ते बहुतेक वेळा खनिज तेलापासून केलेले असते. चिडाशी त्याचा संबंध नाही, सांध्यांशी तर नाहीच. खरे टर्पेंटाइनही वृद्धांच्या पातळ त्वचेवर चोळून वर गरम पिशवी ठेवली, तर फोड येतात. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना ते उशिरा कळते.

अधिक धोका चुकून पिण्याचा. दृष्टी मंदावलेल्या आजोबांना पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेले टर्पेंटाइन ओळखता येत नाही. असे झाल्यास उलटी मुळीच करवू नका. तो द्रव फुप्फुसांत शिरला की तीव्र दाह होतो. मिठाचे पाणी, दूध काहीही पाजू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि बाटली सोबत न्या. खोकला वा धाप लागली नसली, तरी रुग्णालयात थांबावे लागेल. श्वासाचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.

देवघरातला कापूरही आता बहुधा टर्पेंटाइनपासूनच तयार होतो. नातवंडाने त्याची वडी गिळली, तर थोड्याच वेळात झटके येऊ शकतात. त्याची डबी खडीसाखरेशेजारी ठेवू नये.